लेक चालली मिनेसोटाला: थंडीचे कपडे सोलापुरातून काय न्यावेत?

दक्षिण_कसबा
नमस्कार मंडळी. मुलीला मिनियापोलिसला, युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटामध्ये एमएसला प्रवेश मिळालाय. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. आमच्या घराण्यात थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत रात्री पाळण्यात बसल्यावर कानाला लागते तेवढीच, त्यापलीकडचा अनुभव कुणालाच नाही. मुलगी म्हणते, "तिकडं गेल्यावर बघू." तिचे बाबा म्हणतात, "बावीस उन्हाळे ४३ डिग्रीत काढलेत तिनं, अंगात ऊब मुरलीय." म्हणजे घरात विचारण्यासारखं कुणी नाही.

आतापर्यंत जमवलेलं: डबलच्या दोन जाड सोलापुरी चादरी, आत्यानं विणलेला लोकरीचा स्वेटर, माकडटोपी, सुती पायमोजे सहा जोड, सुती थर्मलचे दोन सेट. इथल्या एका दुकानदारानं आठ हजारांचं जॅकेट दाखवलं, "मायनस चाळीसला चालतंय ताई" म्हणाला. दुकानात पंखा पाचवर होता आणि तो स्वतः बनियनवर होता, त्यामुळं विश्वास बसेना. घ्यावं का? बॅगा दोनच, प्रत्येकी २३ किलो. त्यात चटणी, मेतकूट, कुकर पण जायचंय.

गड्ड्यावरचा_पाळणा
माकडटोपी घेतली ना? मग झालं की ओ. बाकी सगळं वरवरचं.

मिनीचा_सोटा
ताई, थांबा. जॅकेट घेऊ नका, आठ हजार वाचवा. मी मूळची सात रस्त्याची, गेली नऊ वर्षं मिनियापोलिसला आहे. जरा सविस्तर लिहिते.

ऑगस्टमध्ये ती पोचेल तेव्हा तिकडं चक्क उन्हाळा असतो, टीशर्टवर फिरतात लोक. खरी थंडी नोव्हेंबरपासून. तरी ऑक्टोबर संपायच्या आत जॅकेट आणि बूट घेतलेले बरे. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळात इथं २८ इंच बर्फ पडला होता. जुनी माणसं अजून ती गोष्ट सांगतात, जशी आपल्याकडं ७२च्या दुष्काळाची सांगतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या सेलची वाट बघत बसणारी मुलं दरवर्षी कुडकुडताना दिसतात. आणखी एक, मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही. चांगली वापरलेली जॅकेटं जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतात, माझं पहिलं तिथलंच.

जॅकेट मांडीपर्यंत लांब हवं, टोपी जोडलेली, वारा अडवणारं. जानेवारीत दुपारी उणे पाच आणि पहाटे उणे तेरा हे नेहमीचं. त्यात वारा आला की हिशेब बदलतो. उणे १८ तापमान आणि ताशी २५ किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २९ असल्यासारखं होतं. तशा हवेत अर्ध्या तासात कान-नाक बधिर होऊन हिमदंश होऊ शकतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं ऐका. इमारतीच्या आत वीस-बावीस डिग्री असतं. वर्गात, बसमध्ये, दुकानात, सगळीकडं. म्हणजे दिवसातून दहा वेळा थंडीतून गरमीत आणि गरमीतून थंडीत. आत्याचा जाड स्वेटर घालून ती वर्गात बसली तर पाच मिनिटांत घामाघूम होईल आणि वर्गात डोक्यावरून स्वेटर काढायला अवघड. म्हणून पुढून चेन असलेलं, पटकन निघणारं घ्यायचं. आत अंगाला चिकटणारा पातळ थर, मधे फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), वर जॅकेट. आत गेलं की वरचे दोन उतरवायचे.

कॅम्पसमध्ये बऱ्याच इमारतींना जोडणारे बोगदे आणि बंद पूल आहेत, 'गोफर वे' म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यात वाट चुकायची, दुसऱ्या महिन्यात त्यातच राहायचं.

हमीरपूर_रिटर्न
सोटाताईंचं बरोबर असेल, पण "उत्तरेला शिकायला चाललेत" असं वाचून कुणी सगळीकडं हेच लागू करू नये. माझा मुलगा हिमाचलमधल्या हमीरपूरच्या एनआयटीत चार वर्षं होता. तिथं बर्फ क्वचितच, तापमान शून्याच्या वर दोन-चार. आकडा ऐकून वाटतं, एवढंच? पण खोली तापवायची सोयच नाही. बाहेर चार तर आत सहा. फरशी गार, गादी गार, पुस्तक गार. पोरगा थर्मल नोव्हेंबरात घालायचा ते फेब्रुवारीत काढायचा (मधे धुतलं की नाही, ते मी विचारलं नाही). तिथं काढायला सोपं वगैरे काही नको, जाड रजई आणि आत्याचा स्वेटर हेच पाहिजे. दोन वर्षं त्यानं स्वेटर घालून झोप काढलीय.

मिनीचा_सोटा
@हमीरपूर_रिटर्न, शंभर टक्के मान्य. मला आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी वाजली ती मिनेसोटात नाही, दिल्लीत जानेवारीत मावसबहिणीच्या लग्नात. उणे वीसमध्ये राहणारी बाई मार्बलच्या फरशीवर रडायची बाकी होती.

सूतगिरणी
मी मिलमध्ये विव्हिंग खात्यात सत्तावीस वर्षं काढली. कापसानं घर चालवलं, म्हणून हे लिहिताना जिवावर येतंय. ताई, ते सुती थर्मल आणि सुती मोजे ठेवून जा.

कारण सांगतो. हवेतला दमटपणा धाग्यात किती मुरतो, याचं आमच्याकडं माप असतं. कापसाचं साडेआठ टक्के, लोकरीचं सोळा, पॉलिएस्टरचं अर्धा टक्कासुद्धा नाही. आता तुम्ही म्हणाल, लोकर तर कापसाच्या दुप्पट पाणी पिते. पिते, पण तिचा तंतू कुरळा असतो, ओला झाला तरी फुगून राहतो आणि मधली हवा धरून ठेवतो. ऊब कापडात नसते, त्या अडकलेल्या हवेत असते. कापूस भिजला की तंतू आडवे पडतात, हवा निघून जाते आणि कापड अंगाला ओल्या फडक्यासारखं चिकटतं. सोलापूरच्या मे महिन्यात आपल्याला हेच तर हवं असतं, घाम शोषून अंग गार करणारं. जो गुण इथं, तोच तिथं अवगुण.

पॉलिएस्टर पाणी पीतच नाही, घाम पुढच्या थराकडं जातो आणि लवकर वाळतो. म्हणून आतला थर पॉलिएस्टरचा किंवा बारीक मेरिनो लोकरीचा. पायमोजे लोकरमिश्रित.

चाटी_गल्ली
सोलापूरचा माणूस सोलापुरात बसून कापसाला नावं ठेवलालाय! काय दिवस आले बे. आमची आज्जी एका चादरीवर ऐंशी हिवाळे काढून गेली.

सूतगिरणी
@चाटी_गल्ली, सोलापूरचे ऐंशी हिवाळे एकावर एक रचले तरी मिनेसोटाचा एक जानेवारी होत नाही. आणि मी चादरीला काही बोललो नाही, बनियनला बोललो.

चाटी_गल्ली
मग ठीक आहे. चादरीवर आलात तर बघा.

फौजी_अप्पा
द्रासला दोन हिवाळे काढलेत. आम्हाला उस्ताद एकच गोष्ट घोकून घ्यायचे: घाम येऊ द्यायचा नाही. चढ चढायच्या आधी एक थर काढायचा, थांबल्यावर चढवायचा. घाम आला की समजा थंडीला घरात घेतलं. शहरात बस पकडायला धावणारी पोरंपोरी हीच चूक करतात.

मोज्यांचं. एकावर एक तीन मोजे घालून बूट आवळला की रक्त पायाच्या बोटांपर्यंत जात नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. एकच जाड मोजा, आणि बूट एवढा मोकळा की आत बोटं हलवता आली पाहिजेत. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तोच मोजा घालून जा. हातमोज्यांत चार बोटं एकत्र राहतात ते जास्त उबदार. पाच बोटांचे फॅशनला.

अक्कलकोट_नाका
माझा किस्सा. लेक पहिल्या वर्षी शिकागोला. रोज फोनवर विचारायचे, "आज किती आहे गं?" ती म्हणायची, "वीस." मी निवांत. शेजाऱ्यांना पण सांगायचे, काही नाही हो, आपल्या डिसेंबरसारखंच आहे. तीन आठवड्यांनी जावयाकडून कळलं की ती फॅरनहाइट सांगत होती. वीस म्हणजे आपले उणे सात! त्यानंतर मी मोबाइलमध्ये शिकागोचं हवामान आपल्या डिग्रीत लावून ठेवलं आणि सुखाची झोप गेली.

गड्ड्यावरचा_पाळणा
एक गंमत: उणे चाळीसला दोन्ही मापं एकच होतात. म्हणजे ताईंच्या दुकानदारानं "मायनस चाळीस" सांगितलं, तेव्हा फॅरनहाइट की सेल्सिअस हा प्रश्नच येत नाही. माणूस हुशार आहे.

मिनीचा_सोटा
:) :) उणे चाळीसच्या जवळचं मी पाहिलंय. ३० जानेवारी २०१९. पहाटे उणे ३३, वारा धरून त्याहून पुष्कळ खाली. विद्यापीठानं वर्ग बंद ठेवले होते, टपालसुद्धा वाटलं नाही त्या दिवशी. कचरा टाकायला खाली गेले, दोन मिनिटं. नाकातले केस कडक झाल्याचं आतून कळतं, पापण्या एकमेकींना चिकटतात. ओले केस घेऊन बाहेर पडले असते तर वेणीची काडी झाली असती. पण असे दिवस क्वचितच. बाकीचे दिवस माणसं कामाला जातात, मुलं शाळेत जातात, काही नग तर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसतात.

पूर्व_मंगळवार
शंका. जॅकेटमध्ये जे 'डाऊन' असतं ते बदकाचं पीस ना? आमच्या घरात अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं आहे. सासूबाई चालू देणार नाहीत.

मिनीचा_सोटा
बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ पिसं. हलकं आणि फार ऊबदार, पण भिजलं की गोळा होतं. कृत्रिम भरणाचीही चांगली जॅकेटं मिळतात. वजनाला थोडी जास्त, पण ओली झाली तरी काम देतात आणि घरी धुता येतात. लेबलवर लिहिलेलं असतं.

कडक_भाकरी
सासूबाईंना लेबल इंग्रजीत आहे म्हणून सांगा.

पूर्व_मंगळवार
सासूबाई रिटायर्ड हेडमास्तरीण आहेत.

कडक_भाकरी
मग कृत्रिमच घ्या.

अवांतर: चटणी नेताना दोन पिशव्यांत सील करा. माझ्या भावाच्या बॅगेत शेंगाचटणी फुटली, तर त्याच्या थर्मलला पहिला हिवाळाभर लसणाचा वास होता. रूममेट कोरियन, त्याला आवडायचा म्हणे. आणि विमानतळावर खायचं सामान जाहीर करायचं, लपवायचं नाही. कडक भाकरी न्याच, पंधरा दिवस काही होत नाही.

अश्विनी_धुळखेड
दिवाळी-संक्रांतीला साडी नेसायची असेल तर परकराच्या आत लोकरीची लेगिंग, आणि साडीवर बूटच. चपला पिशवीत न्यायच्या आणि सभागृहात बदलायच्या. फोटोत कंबरेच्या वरचंच येतं. आमच्या गावात (कॅनडा, सस्कॅच्युअन) हळदीकुंकवाला दाराबाहेर पंधरा बायकांचे पंधरा जोड काळे बूट असतात, जाताना ओळखू येत नाहीत. मी माझ्या बुटांना लाल लोकर बांधलीय.

हमीरपूर_रिटर्न
माकडटोपीला इथं सगळे हसताय म्हणून लिहितो. तोच प्रकार तिकडं 'बालाक्लाव्हा' म्हणून विकत घेतात. कान, गाल, हनुवटी, मान, चारही झाकणारी दुसरी वस्तू नाही. फक्त ती बोचरी लोकर नको, पातळ फ्लीसची मिळते, ती जॅकेटच्या टोपीखाली बसते.

गड्ड्यावरचा_पाळणा
बघा! पहिल्या प्रतिसादात मी काय म्हणालो होतो? कुणीच ऐकत नाही सोलापुरात गरिबाचं.

फौजी_अप्पा
बूट राहिले. तळ खोल खाचांचा, पाणी आत न जाणारा. तिकडं फूटपाथवर मीठ टाकतात, त्यानं चामड्याचे चांगले बूट पांढरे पडून फाटतात. ते एखाद्या समारंभाला ठेवा. पारदर्शक बर्फ काळ्या डांबरावर दिसत नाही, त्यावर छोटी पावलं, पाय सपाट टेकवत, हात खिशाबाहेर. पडलं तरी हात मोकळे पाहिजेत.

दक्षिण_कसबा
सगळ्यांचे खूप आभार. सुती थर्मल परत करून आले, दुकानदारानं कटकट न करता पॉलिएस्टरचे दोन सेट दिले. फ्लीस एक घेतलं. आठ हजारांचं जॅकेट नाही घेतलं. आत्याचा स्वेटर न्यायचाच आहे, आत्या विमानतळावर सोडायला येणार आहेत, त्यामुळं तो प्रश्न संपला.

चादरींचं मात्र घरात भांडण चालूय. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं काट्यावर बॅग ठेवली, साडेचोवीस भरली. मुलगी म्हणते दोन्ही चादरी काढ. मी म्हणते एक तरी.

सूतगिरणी
एक न्या, सिंगलची. खोलीत बावीस डिग्री असेल तर पिसांची रजई रात्री लाथ मारून खाली जाते. त्या हवेला चादरच बरोबर. बाहेरच्या थंडीसाठी नाही, आतल्या उन्हाळ्यासाठी.

चाटी_गल्ली
मालक, तुमचं आधीचं सगळं माफ.

मिनीचा_सोटा
+१. माझी नऊ वर्षं झाली, अजून तीच आहे. मोर होता, आता फक्त पिसारा उरलाय.

दक्षिण_कसबा
धागा वर काढतेय, जानेवारी उजाडला. मुलगी नीट आहे. जॅकेट, बूट वेळेत घेतले. स्टेशनवर बटण दाबलं की डोक्यावरचा हीटर लागतो म्हणून खूश आहे. संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडतो, त्यानं मात्र उदास होते, डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व सुरू केलंय.

पण ज्याची आपण तयारीच केली नव्हती ते आलं. थंडी नाही, कोरडेपणा. खोलीतली हवा इतकी कोरडी की सकाळी नाकातून रक्त येतं, ओठ फुटलेत, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. खोबरेल तेलाच्या बाटलीचा तर दगड झालाय, खिडकीपाशी ठेवते. काय करावं?

मिनीचा_सोटा
तेल रेडिएटरजवळ (भिंतीलगतचं खोली तापवणारं यंत्र) ठेवायला सांगा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन. नाकात झोपताना सलाईनचा स्प्रे, आणि रक्त थांबतच नसेल तर विद्यापीठाच्या दवाखान्यात दाखवायचं. वाफ सोडणारं यंत्र मिळतं, पण रोज धुवावं लागतं.

सूतगिरणी
ताई, आमच्या लूम शेडमध्ये हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटायचा आणि कापडाला हात लावला की झटका बसायचा. म्हणून शेडमध्ये मुद्दाम दमट ठेवायचे, फवारे चालू असायचे. तुमच्या लेकीच्या खोलीत तेच चाललंय, फक्त धाग्याच्या जागी नाक आहे.

बॅगेत सोलापुरी टॉवेल दिला होता का? जाड, टर्किशचा?

दक्षिण_कसबा
दोन दिलेत. धाग्यात लिहायचे राहिले होते, ते कुणी काढायला सांगू नये म्हणून.

सूतगिरणी
बरं केलंत. रात्री एक भिजवून, घट्ट पिळून, रेडिएटरजवळच्या खुर्चीवर पसरायचा. कापूस पाणी धरतो आणि सावकाश सोडतो, सकाळपर्यंत टॉवेल वाळतो, पाणी खोलीत येतं. थेट विजेच्या हीटरवर टाकायचा नाही, आग लागेल. खिडकीच्या काचेवर पाणी जमायला लागलं तर जास्त झालं समजायचं, एक दिवस सोडायचा.

दक्षिण_कसबा
आजच सांगते. पाणी गार घ्यायचं की कोमट?

सूतगिरणी
कोमट. आणि चांगला पिळायला सांगा, खाली लाकडी फरशी असेल तर फुगेल.

गड्ड्यावरचा_पाळणा
माकडटोपीचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही.